मोडीचा भाव

नोकरीनिमित्त परदेशात राहणारी माणसे तेथील घरगुती वापराच्या जुन्या वस्तू जमवतात, तेव्हा त्या वस्तू वाचतात की मुळापासून तुटतात, हा प्रश्न संग्रहालयशास्त्रात, म्हणजे वस्तू जमवणे, नोंदवणे, जतन करणे आणि मांडणे यांचा विचार करणाऱ्या शास्त्रात, जुना आहे. परंतु त्याची चर्चा बहुधा मोठ्या संग्रहालयांपुरतीच राहते आणि घराच्या माळ्यापर्यंत क्वचितच पोहोचते. प्रस्तुत लेखात ती घरापासून सुरू केली असून, त्यासाठी वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील, नागपूर–अमरावती महामार्गावरचे तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव निवडले आहे. कापूस, संत्री आणि गवळाऊ जातीचे बैल यांसाठी ओळखला जाणारा हा टापू या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभा आहे: आज येथला एखादा तरुण आखातात नोकरीला जातो आणि तिकडच्या वस्तू घरी आणतो, तर एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकारी आणि मिशनरी यांच्या लेखी नागपूर–वर्ध्याचा हा मुलूखच परदेश होता आणि येथल्या वस्तू गोळा होऊन समुद्रापार जात होत्या.

चर्चेसाठी दोन व्यक्ती कल्पिल्या आहेत. एक आहे मस्कतजवळ समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पात काम करणारा तंत्रज्ञ. दुसरी त्याची आत्या, आर्वीच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली आणि तळेगावचे जुने घर आजही राखणारी. भाच्याने ओमानमधून आणलेल्या वस्तूंमध्ये दल्ला, म्हणजे लांब वळणदार चोचीचे पितळी कॉफीपात्र, मंदूस, म्हणजे पितळी खिळ्यांच्या नक्षीने मढवलेली लाकडी पेटी, आणि चांदीची नाणी ओवलेला एक जुना गळ्यातला दागिना आहे.

भाच्याची बाजू सरळ आहे. त्याच्या म्हणण्यानुसार ओमानमधली कुटुंबे नव्या घरांत गेली तशी दल्ल्याची जागा थर्मासने घेतली, चांदीच्या दागिन्यांची जागा सोन्याने घेतली आणि जुनी चांदी वितळवली जाऊ लागली. अशा वेळी मत्रह किंवा निझवा येथील बाजारात उभा राहून कोणी ती वस्तू विकत घेतली नाही, तर तिचा शेवट भट्टीतच होणार. “आत्या, घेणारा नसता तर हा दागिना आज चांदीची लगड असता,” असे तो म्हणतो, आणि ग्राहक हा येथे लुटारू नसून रक्षक आहे, असा निष्कर्ष काढतो.

आत्या या निष्कर्षाला सहज मान देत नाहीत. त्यांच्या मते या युक्तिवादात वस्तू आधीच टाकून दिलेली असते असे गृहीत धरलेले आहे, तर प्रत्यक्षात बाजारात मागणी वाढली की व्यापारी खेड्यापाड्यांत फिरू लागतो आणि ज्या घराने वस्तू विकायचे मनातही आणले नव्हते, त्या घरालाही अडचणीच्या दिवशी तिची किंमत दिसू लागते. “अरे, तू वाचवलीस ती वस्तू तुझ्यासारख्या गिऱ्हाइकासाठीच तर घराबाहेर काढली नसेल?” या त्यांच्या प्रश्नाला भाच्याकडे उत्तर नाही, कारण दुकानदाराने वस्तू कुठून आली ते सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही.

त्याहून टोकदार असा त्यांचा दुसरा मुद्दा घरातलाच आहे. तळेगावच्या या घरात कधीकाळी पाणी भरायचा पितळी गुंड, आंघोळीचे घंगाळ, पाणी तापवायचा तांब्याचा बंब, चरव्या आणि पराती होत्या. त्यांतल्या बहुतेक मोडीत गेल्या. मोड म्हणजे जुन्या भांड्याची घडणावळ, वय आणि वापर यांतले काहीही न धरता, केवळ धातूच्या वजनावर मिळणारी किंमत. स्टेनलेस स्टीलची हलकी आणि चकचकीत भांडी घरोघर आली, भांड्यांच्या दुकानात जुने पितळ वजनावर देऊन नवे स्टील घेण्याची रीत पडली, आणि महाराष्ट्रातल्या असंख्य स्वयंपाकघरांचा इतिहास तराजूच्या पारड्यातून निघून गेला. परक्याच्या दल्ल्यासाठी हळहळणाऱ्या माणसाने आपल्या आजीच्या घंगाळाचा हिशेब आधी द्यावा, ही आत्यांची मागणी कठोर असली, तरी ती अन्याय्य म्हणता येत नाही.

या ठिकाणी एका तांत्रिक कारणाकडे लक्ष द्यायला हवे, कारण भावनेच्या भरात ते दुर्लक्षिले जाते. पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ शिजवला किंवा ठेवला, तर धातू अन्नात उतरतो आणि अन्न कळकते. म्हणून भांड्याला आतून कल्हई, म्हणजे कथलाचा पातळ थर, द्यावी लागते आणि ती झिजली की पुन्हा करावी लागते. भाता, कोळसा, नवसागर आणि कापसाचा बोळा घेऊन गल्लीत बसणारा कल्हईवाला यायचा थांबला, तेव्हा पितळेचे पातेले स्वयंपाकाला निरुपयोगी ठरले. ते मोडीत जाण्यामागे घरच्या माणसांची बेपर्वाई हे एकमेव कारण नव्हते. ओमानच्या दल्ल्यालाही आतून कथलाचाच थर असतो आणि तोही वेळोवेळी नवा करून घ्यावा लागतो. म्हणजे दोन्हीकडे भांडे टिकते ते त्याच्याभोवतीच्या कारागिरीच्या बळावर, आणि ती कारागिरी सुटली की उरते ते शोभेच्या कपाटातले पितळ. आत्यांचा आक्षेप येथे सर्वांत बळकट होतो: भाच्याने पात्र आणले, पण त्याला पुन्हा चुलीजवळ नेणारी विद्या मस्कतलाच राहिली. भाचा म्हणतो की कारागीर पेटीत घालून आणता येत नाही. आत्या म्हणतात की त्याचे काम पाहून लिहून तरी आणता आले असते.

भाच्याने येथे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा दाखला दिला. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी आयुष्यभर खेडोपाडी हिंडून अडकित्ते, दिवे, वज्री, फण्या, दौती, कुलपे, भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या, अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले आणि अखेर तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या, म्हणजे जनतेच्या, हाती सोपवला. घरोघरच्या फडताळांतून वस्तू बाहेर काढणारा हा माणूस रक्षक नव्हे तर कोण, असा भाच्याचा प्रश्न आहे. आत्या केळकरांचे मोठेपण पूर्णपणे मान्य करतात, पण दोन फरक दाखवतात: केळकर ज्या घरात शिरत, त्या घराची भाषा आणि रीतभात त्यांना ठाऊक असे, त्यामुळे अडकित्ता पाहताना पानदान, सुपारी आणि बैठकीचा शिष्टाचार त्यांना वेगळा विचारावा लागत नसे, आणि त्यांनी जमवलेले सारे शेवटी सर्वांना पाहता येईल असे झाले. परदेशातल्या दिवाणखान्यासाठी केलेल्या खरेदीत या दोन्ही गोष्टी नसतात. प्रस्तुत लेखाच्या मते यातला दुसरा फरक पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण भाषा शिकता येते, पण घराच्या दारामागे गेलेली वस्तू समाजाला पुन्हा दिसेलच याची शाश्वती नसते.

इतिहास शिकवलेल्या आत्या आता याच मुलखातली उदाहरणे पुढे आणतात. १८४५ पासून नागपुरात राहिलेला स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी या भागातले जीवाश्म, खनिजे आणि शब्द जमवत होता. टाकळघाट येथील शिळावर्तुळे, म्हणजे प्राचीन दफनांभोवती मोठे दगड गोलाकार मांडून केलेली स्मारके, पाहायला गेला असता परतीच्या वाटेवर ४ सप्टेंबर १८६३ रोजी पुराच्या पाण्यात तो बुडाला. त्याची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्यांत गोंडांचे एक दीर्घ पारंपरिक गीत मूळ भाषेतील शब्दांसह छापले गेले. दुसरे उदाहरण जॉन हेन्री रिव्हेट-कार्नॅक यांचे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या कापसावर देखरेख ठेवणारा अधिकारी म्हणून हा गृहस्थ याच कापूसपट्ट्यात काम करत होता. १८६७ मध्ये त्यांनी नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिळावर्तुळे उकरली आणि तेथून निघालेल्या लोखंडी हत्यारे-अवजारांसारख्या वस्तूंपैकी काही आज लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहेत.

या दोन उदाहरणांत आत्यांना मोठा भेद दिसतो. हिस्लॉपने गीत लिहून घेतले तेव्हा गाणाऱ्याकडून काहीच हिरावले गेले नाही. गीत कागदावर आले आणि गाणाऱ्याच्या मुखातही राहिले. जुनापाणीचे लोखंड मात्र एकदा गेले ते गेलेच. घोड्याचा लगाम आणि मृताजवळ ठेवलेली कुऱ्हाड ज्या मातीत पुरली होती, त्या मातीवर आज शेती करणाऱ्याच्या मुलाला ती पाहायची तर व्हिसा काढावा लागतो. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, लोकांच्या तोंडचा अजब बंगला, १८६३ मध्येच स्थापन झालेले होते, हेही त्या आवर्जून सांगतात. वस्तू जवळ ठेवायला जागाच नव्हती, ही सबब येथे चालत नाही.

भाचा रिव्हेट-कार्नॅक यांची बाजू घेत नाही, पण दोन गोष्टी लक्षात आणून देतो. पहिली अशी की त्या अधिकाऱ्याने आपले निष्कर्ष १८७९ मध्ये छापले, दगडांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांची नोंद केली, आणि त्यामुळे पुढच्या संशोधकांना धागा मिळाला; भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने बी. के. थापर यांच्या देखरेखीखाली १९६१-६२ मध्ये जुनापाणीला पुन्हा उत्खनन केले आणि नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी १९६८ मध्ये टाकळघाट–खापा येथे केले, तेव्हा ही शिळावर्तुळे अभ्यासाच्या नकाशावर आधीपासूनच होती. दुसरी गोष्ट त्याच्या स्वतःच्या स्थितीची आहे आणि तिच्यात वजन आहे. कापसाचा अधिकारी राज्यकर्त्यांपैकी होता, त्याला नाही म्हणणे गावच्या पाटलाला अवघड होते. मस्कतमधला तंत्रज्ञ मात्र कंत्राटावर राहतो, त्याचा राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो, आणि दुकानदारासमोर तो कोणत्याही अर्थाने वरचढ नसतो. साम्राज्याच्या संग्राहकावरचा दोष स्थलांतरित कामगाराच्या माथी मारणे योग्य नाही, हे आत्यांनाही पटते. मात्र दुकानदाराच्या मागे जे घर असते, त्या घराच्या गरजेचा प्रश्न एवढ्याने मिटत नाही, असे त्या जोडतात.

वर्धा जिल्ह्यात वस्तू आणि स्थान यांच्या नात्याची सर्वांत स्वच्छ साक्ष सेवाग्रामला मिळते. महात्मा गांधी १९३६ मध्ये या गावी, तेव्हाच्या शेगावला, राहायला आले. तेथील बापूकुटी माती, बांबू, लाकूड अशा आसपासच्या साहित्यातून उभी राहिली आणि त्यांच्या वापरातल्या वस्तू आजही त्याच भिंतींच्या आत आहेत. साप न मारता पकडून दूर सोडण्यासाठी वापरलेले साधन तेथे पाहताना वेगळे स्पष्टीकरण लागत नाही, कारण शेतालगतची कुटी समोरच असते. याच्या उलट, मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला गांधींचा चष्मा, घड्याळ, चपला, ताट आणि वाटी यांचा लिलाव झाला व विजय मल्ल्या यांनी १८ लाख डॉलरना त्या वस्तू घेतल्या. आणि ऑगस्ट २०२० मध्ये ब्रिस्टलमधील लिलावात गांधींचा म्हणून एक चष्मा २ लाख ६० हजार पौंडांना विकला गेला. हे दुसरे प्रकरण प्रस्तुत विषयाच्या अगदी जवळचे आहे, कारण विकणाऱ्या कुटुंबात चालत आलेल्या माहितीनुसार तो चष्मा दक्षिण आफ्रिकेत नोकरीला असलेल्या त्यांच्या एका नातलगाला भेट मिळाला होता. म्हणजे परदेशी नोकरीतली एक आठवण पिढ्यान्‌पिढ्या घरात पडून राहिली, आणि विक्रीच्या वेळी तिचा मुख्य आधार होता तो घरात सांगितली जाणारी हकीगत.

संग्रहालयशास्त्रात याला पूर्ववृत्त म्हणता येईल: वस्तू कोणी घडवली, कोणी वापरली, कोणाकडून कोणाकडे कशी गेली, याची साखळी. आत्यांचे म्हणणे असे की गांधींच्या चष्म्याचे पूर्ववृत्त तोंडी असले तरी निभावले, कारण त्या नावाच्या शोधात जग स्वतःहून बाहेर पडते; निझवाच्या एखाद्या गृहिणीच्या दल्ल्यामागे असे नाव नाही, म्हणून तिच्याबाबत तर लेखी नोंद अधिकच आवश्यक आहे. या विधानानंतर भाच्याचा सूर बदलतो. रक्षण केले हा दावा त्याला सोडायचा नाही, पण अर्धेच रक्षण झाले, हे तो कबूल करतो.

तथापि वापर संपलेल्या वस्तूंचे काय, हा त्याचा पुढचा प्रश्न आत्यांना विचारात पाडतो. आत्यांचा आदर्श वर्ध्याचे मगन संग्रहालय हा आहे. अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या मगनवाडीत १९३८ मध्ये गांधींच्या हस्ते सुरू झालेल्या या संग्रहालयात जे. सी. कुमारप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चरखे, घाण्या आणि इतर अवजारे ठेवली ती लोकांनी पाहावी, सुधारावी आणि वापरावी या हेतूने. गतकाळाची शोभा वाढवणे हा त्यामागचा उद्देश नव्हता. भाचा विचारतो की पायली आणि कुडव यांना हा आदर्श कसा लागू करायचा. धान्य मोजण्याची ही मापे खळ्यावर आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या चालली, पण वजन-मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, दशमान पद्धत १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि बाजारातला त्यांचा अधिकार संपला. कायद्यानेच ज्या वस्तूचे काम काढून घेतले, तिला वापरात ठेवून जपा म्हणणे निरर्थक आहे. तेथे जमवणे आणि मांडून ठेवणे हाच मार्ग उरतो. आत्या हे मान्य करतात, आणि या मुद्द्यावर भाच्याची बाजू अधिक भक्कम आहे असे येथे स्पष्ट नोंदवायला हवे.

संवादाला खरी कलाटणी मिळते ती वस्तू बारकाईने पाहिल्यावर. गळ्यातल्या दागिन्यातली नाणी मारिया थेरेसा थालर आहेत. ऑस्ट्रियाच्या या राणीच्या मृत्यूचे १७८० हे साल या चांदीच्या नाण्यावर कायम ठेवून ती पुढेही पाडली जात राहिली, अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेच्या व्यापारात ती चालली, दागिन्यांत ओवली गेली आणि वितळवून दागिने घडवायलाही वापरली गेली. आणि १९४०-४१ मध्ये ती मुंबईच्या टांकसाळीतही पाडली गेली. मंदुशीचेही तसेच: आखातातल्या जुन्या पेट्यांपैकी कित्येक भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, सुरत, मुंबई आणि मलबार भागात, तयार होऊन गलबतांतून तिकडे गेल्या होत्या. ओमानमध्ये १९७० पर्यंत भारतीय रुपयाच्या मापाचे चलन चालत होते, आणि रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटाही काढल्या होत्या. तेव्हा भाच्याने परकी म्हणून आणलेल्या पेटीचे लाकूड भारतीय जंगलातले आणि नाणे मुंबईचे असणे सहज शक्य आहे.

यामुळे आत्यांच्या मूळ भूमिकेला धक्का बसतो. वस्तू जिथली तिथे असावी, हे तत्त्व सेवाग्रामच्या कुटीला शोभते, पण ज्या पेटीचे आयुष्यच प्रवासात गेले, तिचे ‘जिथले’ कोणते ठरवायचे? मलबार, मस्कत आणि तळेगाव ही तिन्ही तिच्या आयुष्यातली ठिकाणे आहेत. भाच्याचे रक्षणाचे तत्त्वही येथे तोकडे पडते, कारण त्याने पेटी वाचवली, पण तिच्या प्रवासातला मस्कतचा टप्पा न विचारता पुसून टाकला. प्रस्तुत लेखाची धारणा अशी की वस्तूने जागा बदलणे हा अपराध नव्हे. बदललेल्या जागेची साखळी तोडणे हा अपराध आहे, आणि तो नागपूरच्या अधिकाऱ्याइतकाच मोडीच्या तराजूनेही केला आहे.

कायद्याच्या बाजू थोडक्यात सांगता येतात. भारताच्या १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार, जो ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आला, शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू वा कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे, आणि असा पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. शंका असल्यास पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. उलट दिशेने, ओमानी खंजिराची मूठ पूर्वी गेंड्याच्या शिंगाची किंवा हस्तिदंताची असे, आणि अशा वस्तूंच्या व्यापारावर बंधने घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९७६ पासून सामील आहे. विकणाऱ्याने काहीही सांगितले तरी मूठ कशाची आहे, हे घेणाऱ्यानेच पारखले पाहिजे.

हे नियम भाच्याला लगेच लागू पडतात, कारण त्याच्या मनात उलटी खेपही आहे. तान्हा पोळा हा विदर्भातला सण. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी नंदी सजवून मिरवतात, आणि सिंदी (रेल्वे) येथे तर मोठमोठ्या नंद्यांचा पोळा भरतो. तळेगावच्या घरात पणजोबांच्या वेळचा म्हणून सांगितला जाणारा एक नंदी आहे आणि भाच्याला तो मस्कतमधल्या आपल्या मुलीसाठी न्यायचा आहे. “तिला ओमानी पेटी ओळखता येते, पण घरचा नंदी तिने हाताळलेला नाही,” असे तो म्हणतो. आत्यांचा नकार दोन कारणांनी आहे: नंदी शंभरी ओलांडलेला असण्याचा संभव आहे, आणि दरवर्षी गल्लीतली दुसरी मुलेही तो ओढतात, म्हणजे तो केवळ या घराचा राहिलेला नाही. त्यांनी सुचवले की मापे घेऊन गावच्या सुताराकडून तसाच नवा करून घ्यावा, म्हणजे कारागिराला काम मिळेल आणि जुना जागेवर राहील. भाच्याला हे पुरेसे वाटत नाही. नवा नंदी खेळणे असेल, वारसा असणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे, आणि वारसा होण्यासाठी प्रत्येक वस्तूला कधीतरी नवी असावे लागते, असे आत्यांचे. या एका मुद्द्यावर दोघांचे एकमत झालेले नाही. तूर्त एवढे ठरले आहे की जुन्या नंदीची लांबी-उंची, चाकांची ठेवण आणि रंगाचे थर यांची नोंद वहीत करायची, दल्ला, मंदूस आणि दागिना यांच्यासाठी त्याच वहीत वेगळी पाने ठेवायची, आणि निझवाच्या त्या दुकानदाराकडे पुढच्या फेरीत पहिला प्रश्न किमतीऐवजी घराचा विचारायचा.